बार्नमच्या नावावर फिरणारी ती गोष्ट

उद्योजकांच्या प्रेरणादायी गोष्टींमध्ये पी. टी. बार्नम या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सर्कसवाल्याचं नाव सारखं पुढे येतं. फॉरवर्ड होत राहणाऱ्या मजकुराचा सारांश असा: अनाथ, कफल्लक बार्नमने ऐन तारुण्यात सर्कस काढली, समाजाने झिडकारलेल्या माणसांना मानाचं व्यासपीठ दिलं, आणि ‘दर मिनिटाला एक मूर्ख जन्माला येतो’ या सूत्रावर तो श्रीमंत झाला. हे जवळजवळ सगळंच चुकीचं आहे. काही चुका किरकोळ आहेत. व्यासपीठाची मात्र तशी नाही, आणि मुख्यतः तिच्यासाठीच हे लिहितो आहे.

आधी अनाथपण. बार्नमचा जन्म १८१०चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या बेथेल गावचा. तो पंधरा वर्षांचा असताना वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. ओढग्रस्त खरी, पण आई हयात होती. तरुणपणी सर्कस काढली, हेही खोटं. सर्कस १८७१ची, म्हणजे त्याच्या साठीतली. त्याआधीची अनेक वर्षं त्याचा मुख्य धंदा न्यूयॉर्कमधल्या संग्रहालयाचा होता. आपण ‘जंबो मंत्रिमंडळ’ म्हणतो त्यातला ‘जंबो’ शब्द ज्या हत्तीमुळे जगभर झाला, तो जंबो त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडून विकत घेतला १८८२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर.

मूर्खांचं ते वाक्य त्याने म्हटल्याचा समकालीन पुरावा नाही. लंडनमध्ये १८५८ मध्ये त्याने पैसा कसा कमवावा यावर व्याख्यान दिलं, तेव्हा तो उलट सांगत होता: ज्याच्या सचोटीबद्दल शंका येते, त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. हे तो बोलत होता कारण त्याच सुमारास तो स्वतः बुडाला होता. कनेटिकटमधल्या पूर्व ब्रिजपोर्टमध्ये घड्याळांचा कारखाना यावा म्हणून जेरोम या घड्याळ कंपनीच्या हुंड्यांवर त्याने जामीन म्हणून सह्या केल्या. कंपनी बुडाली आणि १८५६ मध्ये कर्जाचा सगळा बोजा त्याच्या गळ्यात पडला. पुन्हा उभं राहायला त्याला मदत झाली ती टॉम थंबची, म्हणजे चार्ल्स स्ट्रॅटनची. या ठेंगण्या माणसाला बार्नमने वयाच्या चौथ्या वर्षी रंगमंचावर आणलं होतं आणि जाहिरातीत त्याचं वय अकरा सांगितलं होतं. स्ट्रॅटन पुढे स्वतः श्रीमंत झाला. व्यासपीठाच्या गोष्टीला काही आधार असेल तर तो एवढाच.

आता जॉइस हेथ. हे नाव त्या मजकुरात कधीच नसतं.

१८३५ मध्ये पंचविशीतल्या बार्नमने हजार डॉलरला एका गुलाम कृष्णवर्णीय वृद्धेला लोकांपुढे मांडण्याचा हक्क विकत घेतला. ती आंधळी होती, शरीर जवळजवळ लुळं पडलेलं. तिचं वय १६१ आहे आणि तिने जॉर्ज वॉशिंग्टनला अंगाखांद्यावर खेळवलं आहे, अशी जाहिरात करून तिला गावोगाव नेलं. पुढच्या फेब्रुवारीत ती वारली. बार्नमने तिचं शवविच्छेदनही तिकीट लावून केलं: पन्नास सेंट, सुमारे दीड हजार प्रेक्षक. डॉक्टरांनी सांगितलं, वय ऐंशीच्या वर नसावं. बार्नमच्या कारकिर्दीचा पाया इथे घातला गेला, सर्कशीच्या तंबूत नाही. हेथला यात विचारलं कोणी? पुढे १८६० मध्ये त्याच्या संग्रहालयात एका कृष्णवर्णीय माणसाला केसाळ पोशाख चढवून माणूस आणि माकड यांच्यामधला दुवा म्हणून उभं केलं गेलं. याला मानाचं व्यासपीठ म्हणणं मला सहन होत नाही.

तरीही त्याला नुसता खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही, कारण तो राजकारणातही होता आणि प्रेरणादायी मजकूर हा भाग पूर्ण गाळतो. १८६५ मध्ये तो कनेटिकटच्या विधिमंडळात निवडून गेला. तिथे तो रेल्वे कंपन्यांच्या दबावाविरुद्ध लढला. राज्यघटनेतल्या मतदानाच्या अटीतून ‘गोरा’ हा शब्द काढावा म्हणून त्याने भाषण केलं. १८७५ मध्ये तो ब्रिजपोर्टचा महापौर झाला. पाणीपुरवठा, रस्त्यांवरचे गॅसचे दिवे, रविवारी गुत्ते बंद, ही त्याची कामं. १८७९ मध्ये त्याच्याच पुढाकाराने गर्भनिरोधक साधनं वापरण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. तो रद्द व्हायला १९६५ साल उजाडावं लागलं.

गुलाम बाळगल्याचं आणि त्यांना फटके मारल्याचंही त्याने १८६५च्या सुमारास जाहीरपणे कबूल केलं. याबद्दल मलाच हजार वेळा फटके बसायला हवे होते, असं तो म्हणाला. ‘गोरा’ शब्द काढण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनमताला गेला, आणि कनेटिकटच्या मतदारांनी तो फेटाळला.