शिबिराला एसी आहे का?

आज सकाळी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मे महिन्याच्या शिबिराची नोटीस पडली आणि लगेच प्रश्न सुरू. एसी आहे का? अटॅच्ड बाथरूम? वायफाय? एका आईचा प्रश्न, पोराला रोज वरण-भात चालत नाही, बाहेरून मागवता येईल का? अहो ताई, नवापूरच्या पुढे रानात कोण आणून देणार तुमचा पिझ्झा?

ऐका मग काय मिळेल ते. पहाटे पाचला घंटा. तोंड धुवायला रांग, संडासाला त्याहून मोठी रांग. मग बायबल घेऊन झाडाखाली शांत वेळ, म्हणजे एकट्याने वाचन-प्रार्थना, त्यात निम्मी पोरं पेंगणार. पोहे, गटचर्चा, बायबलच्या वचनाचा अभ्यास. दुपारी उकाड्यात हॉलमध्ये सतरंजीवर आडवं व्हायचं, पंखा फिरला तर देवाची कृपा. रात्री सभा, साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. आणि भिंतीवर ड्युटीची यादी: पाणी, झाडू, भांडी.

भांडी म्हटलं की मला पप्पाच दिसतात. भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सुरत पॅसेंजरने आम्ही सगळे शिबिराला निघायचो, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत. नंदुरबार जिल्हा १९९८ ला झाला, त्याच्या आधीची गोष्ट. यादीत पप्पांच्या शेजारी नाव होतं त्यांच्याच शेडमधल्या मोठ्या साहेबांचं. ज्यांच्या केबिनमध्ये जाताना पप्पा शर्टाची वरची गुंडी लावायचे, ते साहेब! बाह्या सारून वरणाच्या पातेल्यात अर्धे आत, राखेने घासतायत. पप्पा पाणी ओततायत. आणि पप्पा म्हणाले, "साहेब, कडेला राहिलंय." साहेबांनी परत घासलं.

आता सांगा, अटॅच्ड बाथरूमवाल्या खोलीत हे कुठे घडणार होतं?

एकजण लिहितात, शिबिर म्हणजे विसावा, आणि बायबलमधलं मार्क ६:३१ टाकतात. बरोबर आहे, शिष्य दमून आले तेव्हा प्रभू त्यांना रानात एकांती चला म्हणाला. पण दादा, पुढे वाचा की! लोक आधीच तिथे हजर. त्याच अध्यायात पाच हजार पुरुषांची पंगत, शिष्यांनीच वाढलं, उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या त्यांनीच उचलल्या. विसावा गेला कुठल्या कुठे.

बरं, संडासाचं म्हणणं मान्य. बायकांना बारा महिने "ॲडजस्ट करा" सांगून चालत नाही. शुगरवाल्यांना जेवण वेळेवर हवं. मुलींच्या हॉलला आतून कडी हवी आणि सोबत दोन मोठ्या बायका, यात तडजोड नाही. आणि हो, काही वक्ते माइक सोडत नाहीत, तेही खरं.

पण "मोबाईल जमा करणार असाल तर आम्ही पाठवत नाही" असं लिहिणाऱ्या बापाला काय म्हणू? ठेवा घरी. धडगावहून पावरा आदिवासी पोरं येतात, पोटात काही नसतं तरी गाण्याला सगळ्यांत पुढे. तुमच्या पोराने त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसावं, एवढंच तर मागतोय. स्वयंपाकाची मावशी "चाला, जेवी ल्या" म्हणून हाक मारते ना, तेव्हा कोणी विचारत नाही बाप काय करतो.

शेडमध्ये पप्पा नंतरही "साहेब"च म्हणायचे, गुंडीही लावायचे. मी काही जग बदललं असं म्हणत नाही. पण त्या नाताळात साहेब आमच्या क्वार्टरवर आले, करंज्या खाल्ल्या आणि जाताना आईला म्हणाले, तुमचे मिस्टर फार कडक सुपरवायझर आहेत हो. पप्पा इतके हसले की खोकला लागला. (हे लिहिताना डोळे भरले, जाऊ द्या.)

तर. चादर, ताट-वाटी-पेला, टॉर्च, ओडोमॉस, टोपी, बायबल, वही. आंब्याची पेटी आणलीत तर सगळ्यांना वाटावी लागेल. संडास आणि कड्या मी शनिवारी स्वतः जाऊन बघून येते, मग ग्रुपवर फोटो टाकते. नावं पाळक साहेबांकडे (पास्टरांकडे) द्या, मला इनबॉक्स करू नका. आणि बादली आपापली आणा, तिथे कमी पडतात.