ऊन पडलं म्हणजे वाट मोकळी झाली?

डिसेंबर उजाडला की ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. ‘हिमस्खलनाला घाबरू नका’ असा मथळा आणि खाली सल्ले : बर्फ पडत असेल तर तंबूत बसा, ऊन पडलं की निघा, मळलेली वाट सोडू नका, दरीत मोठ्यानं बोलू नका, लीडर अनुभवी असेल तर निर्धास्त राहा, आणि गाडले गेलातच तर धीर धरा, सियाचेनमध्ये एक जवान सहा दिवसांनी जिवंत निघाला होता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण पहिलाच सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून हा खटाटोप.

ऊन पडलं की निघा, हे सह्याद्रीत खरं. निसरडा कातळ सुकतो, धुकं उठतं, वाट दिसते. आपला सगळा हिशेब तिथं घडलेला. हिमालयातल्या उतारावर मात्र बर्फ थरांनी साचतो आणि कुठला थर कच्चा आहे ते वरून दिसत नाही. कलत्या पाटावर दाणेदार साखर पसरा आणि वर थापलेली भाकरी ठेवा. भाकरी अख्खी, छान दिसते. बोटानं दाबली की सगळीच्या सगळी घसरते. माणसं मारणारं हिमस्खलन बहुतेकदा असंच असतं. आणि ही साखर, म्हणजे खालचा कच्चा थर, तयार होते निरभ्र, कडाक्याच्या थंडीत! बर्फाचा थर पातळ असला, खाली जमीन शून्याच्या आसपास आणि वर हवा त्याहून कितीतरी थंड असली, की तळाचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. म्हणजे ज्या निळ्या आकाशाचे आपण फोटो टाकतो, तेच कधीकधी खालचा थर कच्चा करून ठेवतं. त्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्यानं पलीकडच्या बाजूचाही आणून इथं रचला, आणि दुसऱ्या सकाळी ऊन पडलं म्हणून आपण निघालो. बर्फवृष्टीनंतरचा पहिला उघडा दिवस अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे तो यामुळेच. दुपारच्या उन्हात बर्फ ओला होऊन सुटतो, ते वेगळंच.

मळलेल्या वाटेचं थोडक्यात. पुढचे दहा जण गेले म्हणजे उतार पक्का, असं होत नाही. अकराव्याचा पाय नेमका वरचा थर पातळ असलेल्या जागी पडू शकतो. हौशी गिर्यारोहकांच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा बर्फ सोडवलेला असतो तो त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्यांनी. वाट मळलेली आहे का, यापेक्षा उतार किती आहे ते बघा. 30 ते 45 अंश हा धोक्याचा पट्टा. घरातल्या जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस असतो, म्हणजे डोळ्यांना तो फार वाटतही नाही. फोनमधल्या साध्या ॲपनं मोजता येतो. आपण उभे आहोत तो भाग सपाट असला तरी डोक्यावरचा उतारही धरायचा.

गप्प राहा, हा सल्ला सिनेमातून आलेला. माणसाच्या ओरडण्याचा हवेवरचा दाब थर तोडायला कैक पटींनी अपुरा पडतो. तोडतं ते आपलं वजन. उलट मोठ्यानं बोला, एकेकटे अंतर ठेवून उतार ओलांडताना एकमेकांना हाका मारा. कान उघडे ठेवा ते दुसऱ्याच आवाजासाठी : पायाखाली ‘धप्प’ होऊन बर्फ बसला किंवा बुटापासून चीर पळत गेली, तर तिथूनच मागे फिरायचं.

अनुभवाबद्दल लिहिताना हात जड होतो. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीतल्या द्रौपदी का डांडा-2 शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि 29 जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही सर केले होते. थराला माणसाचा बायोडेटा कळत नाही.

आता सियाचेन. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, हे खरं. पण 3 फेब्रुवारी 2016 ला त्या चौकीवर गाडले गेलेले दहा जण होते. नऊ तिथंच गेले आणि हनुमंतप्पांनीही 11 तारखेला दिल्लीच्या रुग्णालयात प्राण सोडले. एरवी हिशेब मिनिटांचा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. तेवढ्यात हेलिकॉप्टर पोचत नाही. काढायचं ते शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यानं. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सरावही.

उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या वाटेचा बराचसा भाग जंगलातून जातो, तिथं हे सगळं लागेलच असं नाही. पण हाच संदेश वाचून मंडळी पुढच्या वर्षी मे महिन्यात उंच खिंडी ओलांडायला निघतात. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे जिल्हावार इशारे देते, हे मात्र त्या संदेशात कुठंच नाही.

मागच्या वर्षी अशाच एका खिंडीच्या आयोजकाला मी फोन करून विचारलं, बीकन किती नेता? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, “सर, काळजी करू नका, आपल्याकडे ऑक्सिजन सिलिंडर असतो.”