इंटरव्ह्यूतला 'घरचं काय' हा प्रश्न काढून टाका

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांची पोरं यंदा एमबीए, एमएसडब्ल्यू किंवा अशाच कुठल्या कोर्सच्या इंटरव्ह्यूला पुण्या-मुंबईला जाऊन आली किंवा पुढच्या वर्षी जाणार आहेत त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूत आडनाव, पत्ता, घरची भाषा, वडिलांचा धंदा यावर जे प्रश्न विचारतात ते बंद झाले पाहिजेत. आणि ते होईपर्यंत आपण आपल्या पोरांना या गोष्टी लपवायला शिकवायचं नाही. 'सेटलमेंट नको लिहू, नुसतं सोलापूर लिही', 'घरी तेलुगू बोलतो म्हणून सांगू नको' असले सल्ले मी इथं सोलापुरात चांगल्या चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलेत, काळजीपोटीच देतात, पण मला ते पटत नाहीत. सेटलमेंट म्हणजे इथली विमुक्त समाजाची जुनी वस्ती.

मी इथं कॉलेजात शिकवतो, आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत पोरांची इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो. यंदाच्या बॅचमधली एक मुलगी, नाव देत नाही, पण तिला विचारूनच लिहितोय. सेटलमेंटला राहते, विमुक्त समाजातली, वडील मार्केट यार्डात हमाली करतात, कांद्याच्या सीझनला पहाटे जातात ते रात्रीच येतात. पोरगी बीकॉमला डिस्टिंक्शन. तिचा प्रोजेक्ट मी स्वतः बघितलाय, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याचा. सूत उधारीवर येतं, माल विणून, धुऊन, पॅक होऊन बाहेरदेशी जातो आणि पैसे हातात यायला महिने लागतात, मग मधल्या काळात कारखानदाराचा पैसा नेमका कुठं अडकतो हे तिनं त्यांच्या अकाउंटंटशेजारी बसून एकेका एन्ट्रीवरून काढलं होतं. सूतवाल्याची देणी एका रंगात, येणी दुसऱ्या रंगात, असा हातानं काढलेला तक्ता होता. मालकानं त्याची झेरॉक्स ठेवून घेतली, यावरून काय ते समजा.

पुण्याच्या एका खाजगी संस्थेत तिचा इंटरव्ह्यू झाला. पॅनलवर तिघं होते. फॉर्म बघून पहिलाच प्रश्न, "सेटलमेंट म्हणजे काय गं?" तिनं नीट सांगितलं. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, पुढं सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी द्यावी लागायची, बाहेर पडायला पास लागायचा, आमच्या पणज्या-आज्यांनी इथल्या कापड गिरण्यांत काम केलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशातून गेला, म्हणून आम्ही विमुक्त. मला विचाराल तर इतकं स्वच्छ उत्तर एमएच्या पोरांनाही जमणार नाही. त्यावर दुसरा प्रश्न, "मग अजून घरात कुणावर केसेस वगैरे?" आणि तिघं हसले. मग वडिलांचं शिक्षण, मग "तुमच्यात मुलींना एवढं शिकवतात का?", मग "इथलं क्राउड वेगळं असतं बेटा, ॲडजस्ट होशील का?". शेवटी फायनान्सचा एक प्रश्न, त्याचं उत्तर ती देत होती तोवर पुढच्या पोराची फाइल उघडली होती. प्रोजेक्टबद्दल एक अक्षर नाही.

सिलेक्शन झालं नाही. तिच्यापेक्षा लेखीत कमी स्कोअर असलेल्या दोघांचं झालं.

आता कुणीतरी म्हणणार, सर, यावरून भेदभाव झाला असं सिद्ध कसं होतं? नाही होत, मला मान्य आहे. त्या दोघांनी इंटरव्ह्यूत खरंच चांगलं केलं असेल, काही पॅनलवाले सहज कुतूहलानं विचारतात, काहींना पोराला मोकळं करायचं असतं. पण माझा मुद्दा नेमका हाच आहे. सिद्ध करायला त्या पोरीकडं काहीच नसतं. मार्क कशाचे दिले, कुठं कापले, कुणी कापले, काही कळत नाही. लेखी परीक्षेत नापास झालेल्या पोराला कुठला धडा कच्चा राहिला ते कळतं, तो पुढच्या वर्षी तो धडा पक्का करतो. हिनं काय पक्कं करायचं, पत्ता? तीन आठवडे ही पोरगी स्वतःच्या इंग्रजीला दोष देत होती, साडी नीट नेसली नव्हती म्हणत होती, बापाला 'हमाल'ऐवजी 'ट्रेडिंगमध्ये आहेत' म्हणायला हवं होतं का असं मला विचारत होती. हे मला जास्त लागलं. सीट काय, दुसरीकडं मिळेल, पण एवढ्या हुशार पोरीला बापाचं काम लपवावंसं वाटावं?

आणि हे एकटीचं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू पोराला विचारलं, "नाव साउथचं दिसतंय, मराठी कुठं शिकलास?" अरे त्याचे पणजोबा इथं विणकामाला मागावर बसले, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तो आपल्यासारखाच जातो, दहावीला मराठीत ८८ मार्क आहेत त्याला! विजापूर वेशीतल्या एका मुस्लिम मुलाला एका पॅनलनं देशाच्या राजकारणावरच घोळवलं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पोराला मात्र मार्केटिंगचे प्रश्न. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या पोरीला तिच्या उच्चारांवरून बोलले. प्रत्येक वेळी वरून गोडच बोलणं, बेटा बेटा करून.

हे सगळं आपल्या मनाचे खेळ आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, जे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) अध्यक्षही होते, त्यांनी पॉल ॲटवेल या अमेरिकन प्राध्यापकांसोबत एक अभ्यास केला, २००७ ला छापून आला. खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारखीच पात्रता असलेले अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा, सवर्ण हिंदू नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. इंटरव्ह्यूला बोलावणं येण्याची शक्यता दलित आणि मुस्लिम नावांची कमी निघाली. माणूस समोर आलाही नव्हता, फक्त कागद! त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी माणसं निवडणाऱ्या मॅनेजरांशी बोलून लिहिलं, त्यात दिसलं की 'आम्ही फक्त मेरिट बघतो' म्हणणारी हीच मंडळी उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' आवर्जून विचारतात आणि त्यावरून माणूस कसा असेल ते ठरवतात. त्यांना त्यात वावगं वाटत नाही. नोकरीचा हा अभ्यास आहे, ॲडमिशनचा नाही, पण खुर्चीत बसणारी माणसं त्याच समाजातली ना. आमच्या पोरीच्या पॅनलमधली तिघंही घरी गेल्यावर स्वतःला चांगलीच माणसं समजत असणार. मला ते राक्षस वाटत नाहीत, आणि म्हणूनच नुसतं 'पॅनलवर चांगली माणसं नेमा' म्हणून हे सुटणार नाही.

लंडनला सेंट जॉर्जेस नावाचं मेडिकल कॉलेज आहे. तिथं अर्ज चाळायला कॉम्प्युटर प्रोग्राम केला होता, इंटरव्ह्यूला कुणाला बोलवायचं ते तो ठरवायचा. १९८८ ला तिथल्या वंशसमानता आयोगाच्या चौकशीत बाहेर आलं की बायकांचे आणि युरोपियन नाव नसलेल्यांचे मार्क तो कमी करत होता. आणि प्रोग्राम असा का वागत होता? तर आधीची माणसं जशी निवड करत होती तशीच त्याला करायला शिकवलं होतं, त्यांच्या निवडीशी ९०-९५ टक्के जुळतो म्हणून तर तो वापरात आला. म्हणजे भेदभाव आधीपासून होता, मशीनमुळं फक्त तो कागदावर दिसला. आपल्या पॅनलच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवणारा कागदच नसतो, दुखणं तिथंच आहे.

आणि आपल्या देशात यावर काही झालंच नाही असंही नाही बरं का. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची केस आहे, तेव्हाचं रिजनल इंजिनिअरिंग कॉलेज, आताचं एनआयटी. लेखीला १०० मार्क आणि तोंडीला ५०, म्हणजे एकूण मार्कांच्या एक तृतीयांश तोंडीवर. पोरांची तक्रार होती की इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांत उरकला आणि विचारलं काय तर आईवडील कोण, राहता कुठं. ओळखीचं वाटतंय ना? अजय हासिया केस म्हणतात तिला, नोव्हेंबर १९८० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, न्यायमूर्ती भगवती. कोर्टानं म्हटलं, तोंडीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन देणं मनमानी आहे. आणि त्याच निकालात असंही सुचवलं की इंटरव्ह्यू टेप करून ठेवावेत, म्हणजे कुणी शंका घेतली तर ऐकून बघता येईल. १९८० ला हं! तेव्हा टेपरेकॉर्डर घरोघरी नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, ऑनलाइन इंटरव्ह्यू तर एका क्लिकवर रेकॉर्ड होतो, तरी विचारलं की उत्तर येतं 'आमची तशी पद्धत नाही'. ती केस सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेची होती, खाजगीवाले त्यामुळं हात झटकतात. पण लाखांत फी घेताय, तर पोराचे मार्क कुठं कापले ते सांगायची जबाबदारी नको?

मला काय बदल हवेत ते साधे आहेत. पॅनलच्या हातातल्या कागदावर आडनाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय नको, नंबर पुरे, ती माहिती ऑफिसात राहू दे. सगळ्यांना ठरलेले तेच चार-पाच प्रश्न विचारा, पुढं त्यातूनच खोल जा. पॅनलमधल्या प्रत्येकानं आपापले मार्क आधी लिहायचे आणि मगच एकमेकांशी बोलायचं, नाहीतर सगळ्यात सिनिअर माणूस जे म्हणेल तेच तिघांचं मत होतं, हे मी स्वतः पॅनलवर बसून बघितलंय. रेकॉर्डिंग ठेवा. आणि मागणाऱ्या पोराला त्याचे मार्क हेडनुसार, म्हणजे कशाला किती ते, दाखवा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीनं मेडिकलच्या ॲडमिशनला एकाच मोठ्या इंटरव्ह्यूऐवजी छोटे छोटे बरेच इंटरव्ह्यू सुरू केले, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, म्हणजे एकाच्या मनातल्या पूर्वग्रहावर पोराचं भवितव्य अडकत नाही. बऱ्याच देशांत ही पद्धत गेलीय. आपल्याकडं का येऊ नये?

आता पोरांना काय सांगायचं. मी माझ्या पोरांना सांगतो की घरचा प्रश्न आला तर खरं, थोडक्यात आणि मान वर करून सांगा, आणि लगेच गाडी आपल्या कामाकडं वळवा. 'वडील मार्केट यार्डात हमाली करतात सर, बाजारातला उधारीचा व्यवहार मी लहानपणापासून बघितलाय, त्यातूनच वर्किंग कॅपिटलचा प्रोजेक्ट घेतला, दाखवू का?' हे वाक्य आम्ही आता पाठ होईपर्यंत बोलून घेतो. प्रश्न फारच खालच्या थराला गेला तर शांतपणे म्हणायचं, 'सर, याचा कोर्सशी संबंध मला समजला नाही, समजावून सांगाल का?' आवाज चढवायचा नाही. आणि बाहेर आल्या आल्या, बस स्टँडला पोचायच्या आधी, विचारलेले सगळे प्रश्न वेळेसकट मोबाइलमध्ये लिहून काढायचे. दोन दिवसांनी आठवून लिहिलेलं कुणी मानत नाही. सरकारी संस्था असेल तर माहिती अधिकारात स्वतःचे मार्क मागा. खाजगी असेल तर डायरेक्टरला ईमेल करा, उत्तर नाही आलं तरी तुमच्याकडं तारीख राहते. आमच्या मुलीनं ईमेल केलाय. उत्तर अजून नाही.

पालकांना एक सांगायचंय, थोडं कडू आहे. सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात आपण दर १२ जानेवारीला हार घालतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. स्वातंत्र्यलढ्यात १९३१ ला एकाच दिवशी फासावर गेले, चार आडनावं, चार समाज. आणि त्याच शहरात आपण खोली भाड्यानं देताना पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो, सेटलमेंटचा पत्ता ऐकला की बँकेपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत लोकांचा चेहरा बदलतो. पुण्यातल्या पॅनलवर मी चिडलोय तसाच यावरही चिडलोय, कारण ते पॅनलवाले अशाच कुठल्यातरी गल्लीत वाढून तिथं पोचलेत. त्यातले काही सोलापूरचेही असतील.

त्या मुलीला दुसरीकडं ॲडमिशन मिळालीय, तिथं इंटरव्ह्यू नव्हता, सीईटी आणि कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. फी जास्त नाही, बरं कॉलेज आहे. तरी त्या पहिल्या संस्थेकडून उत्तर मागायचं आम्ही सोडणार नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा ईमेल जाईल, यावेळी माझी आणि अजून काही प्राध्यापकांची सही असेल.

ज्यांच्या पोरांना असे प्रश्न विचारले गेले असतील त्यांनी मला इनबॉक्सला लिहा, संस्थेचं आणि पोराचं नाव कमेंटमध्ये टाकू नका, पोरांचं पुढचं अडतं. प्रश्न जसाच्या तसा लिहा, आठवत असेल तेवढाच, भर घालू नका. आणि जे कुठल्याही पॅनलवर बसतात त्या मित्रांनी कमेंटमध्ये सांगा, तुमच्या हातात फॉर्म येतो त्यावर आडनाव आणि पत्ता असतो का? असेल तर पुढच्या वेळी तो कागद बदलून मागाल का?

डिसेंबरपासून पुन्हा मॉक इंटरव्ह्यू सुरू होतील, फी नाही. पॅनलवर बसायला माणसं हवीत, सीए, डॉक्टर, वकील, बँकवाले, कुणीही. पूर्व भागातले, सेटलमेंटमधले, विजापूर वेशीतले शिकलेले लोक आले तर फार बरं, पोरांना समोर आपलं माणूस बसलेलंही बघू दे.