‘पाणी एक नंबर आहे’ सांगितलं, ती चूक आमचीच

नमस्कार भाऊ,

वहिनींना सातवा महिना लागला म्हणून घाईने आमच्याकडून यूव्ही (अतिनील किरणांनी पाणी शुद्ध करणारी) मशीन घेतली, बसवणाऱ्या पोराने बोअरच्या पाण्यात मीटर बुडवून ‘टीडीएस ४१०, पाणी एक नंबर’ सांगितलं आणि नंतर लॅबमध्ये नायट्रेट ८२ निघालं, असं तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिलंय. खरं आहे. जॉबकार्डावर त्याच्या अक्षरातलं ४१० आज मी स्वतः पाहिलं.

ते मीटर क्षार एकूण किती एवढंच दाखवतं, त्यात नायट्रेट किती ते त्याला कळत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आपल्या वर्ध्याकडे बोअरच्या एका अंगाला युरियाचं वावर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा सेप्टिक टँक, नायट्रेट तिथूनच झिरपतं. मशीन विकण्याआधी लॅब रिपोर्ट मागायला हवा होता, नाही मागितला.

‘मशीन डुप्लिकेट’ हे मात्र पटलं नाही. यूव्ही जंतू मारते, पाण्यात विरघळलेलं तसंच पुढे जातं. मशीन ओरिजिनल आहे, आम्ही चुकीच्या पाण्याला लावली.

तुम्ही आता बोअरचं पाणी वीस मिनिटं उकळताय म्हणे. ते आधी थांबवा! वाफ उडते, नायट्रेट भांड्यातच राहतं, म्हणजे ८२ चे ९०-९५ होतील. नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, आणि शेवटच्या महिन्यांत बाईला ते जास्त बाधू शकतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच. उद्या बाळाला पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर तेही या पाण्यात कालवू नका. सहा महिन्यांच्या आतलं बाळ त्याने निळं पडतं.

तोवर वहिनींना नळाचं पाणी द्या, ते मात्र उकळूनच. इचलकरंजीची २०१२ ची काविळीची साथ आठवत असेल. पाण्यातून पसरलेली ती कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ई, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. खळखळून उकळी फुटल्यावर दोन-तीन मिनिटं पुरे.

उद्या सकाळी यूव्ही काढून पाण्यात विरघळलेलंही गाळणारं आरओ बसवतो, वरचा फरक आमच्याकडे. आरओमधून निघालेलं पाणीही आमच्या खर्चाने लॅबला देऊ. तो आकडा ४५ च्या खाली येईपर्यंत स्वयंपाकालाही नळाचंच वापरा.

रिव्ह्यू राहू द्या. तुमच्याच ले-आउटमध्ये आमच्या आणखी अकरा यूव्ही आहेत, त्या घरी आजपासून फोन लावतोय.