आयर्विनला किती फूट, बाकूत किती डॉलर

ग्रुपवर परत तेच फिरतंय, हवामान परिषद म्हणजे विमानानं जायचं, एसीत बसायचं, फोटो काढून यायचं. लाईक ठोकणारे निम्मे आपले सांगलीकरच! अरे, पावसाळ्यात दात घासायच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, कोयना धरणातनं किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं किती क्युसेक चाललंय हे बघणारी माणसं आपण, दुसऱ्याच्या हातातल्या दरवाजावर आपला जीव टांगलेला असतो हे आपल्याला कुणी शिकवायचं?

2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं, धोका पातळी 45. पूर अलमट्टीमुळंच येतो का यावर अजून वाद चालूय, चालू दे. पण 2021 च्या जूनमध्ये आपले तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, पाणी सोडायचं ते एकमेकांना सांगून, असं बोलणं झालं. जुलैत पूर आलाच, बैठकीनं पाऊस थोडाच थांबतोय, पण म्हणून बोलायचंच नाही का?

आणि बोलून काम होतं बरं का. ओझोनचा थर वाचवायचा 1987 चा माँट्रियल करार बघा. फ्रिज-एसीतले ते गॅस बंद करायला तारखा ठरल्या, गरीब देशांना पुढं फंड मिळाला, आणि जो करारात नाही त्याच्याशी त्या मालाचा व्यापारच बंद! मग सगळे देश आले लाईनीत. पॅरिसच्या 2015 च्या हवामान करारात नेमकं हेच राहिलं, ज्यानं त्यानं आपलं टार्गेट आपणच ठरवायचं, नाही जमलं तर दंड नाही, ट्रम्पतात्या तर दोनदा उठून गेले.

पैशाचं तर विचारूच नका. अझरबैजानच्या बाकूत 2024 च्या हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला 1,300 अब्ज डॉलर मागितले, कबूल झाले 300 अब्ज, तेही 2035 पर्यंत. भारताच्या वाटाघाटी करणाऱ्या अधिकारी चांदनी रैना बोलायला उभ्या राहिल्या तोवर ठराव पास झालेला. अशा वेळी आपलं माणूस तिथं नको म्हणता होय?

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हवामान बदलानं नुकसान झालेल्या देशांसाठीचा फंड दुबईच्या परिषदेत 2023 ला सुरू झाला, सगळ्या श्रीमंत देशांचे मिळून कबूल झाले 70 कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे ढोबळ सहा हजार कोटी रुपये. आणि 2019 च्या पुरानंतर एकट्या महाराष्ट्रानं केंद्राकडं मागितले होते 6,813 कोटी.