‘ईसीजी नॉर्मल आला, आता निश्चिंत घरी जा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. जेवणानंतर काकांच्या छातीवर कुणी बसल्यासारखं दडपण आलं, दरदरून घाम फुटला, म्हणून गावातल्याच डॉक्टरांकडे नेलं होतं. ईसीजी चांगला आला. डॉक्टर म्हणाले, थांबा, थोड्या वेळाने परत काढू. आत्या मात्र काकांना घेऊन सरळ घरी आली, कारण तिच्या भिशीच्या ग्रुपवर दुपारीच मेसेज आला होता : ‘एकदा ईसीजी नॉर्मल आला की दुखणं गॅसचंच. परत परत ईसीजी काढणं हा बिल वाढवायचा धंदा आहे.’

तो मेसेज गेल्या पंधरवड्यात मलाही तिघांनी पाठवला. वर ‘ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला’ असं लिहिलंय, तज्ज्ञांचं नाव कुठेच नाही. मी नर्स आहे, सोळा वर्षं सीसीयूत, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, ड्यूटी करते. आजवर असे मेसेज बघून सोडून देत होते. आता माझ्या घरातला माणूस त्यापायी दवाखान्यातून उठून आला, म्हणून हे लिहायला बसले.

पहिला मुद्दा तोच, नॉर्मल ईसीजीचा. बारा लीडचा ईसीजी (लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एकेक बाजू) साधारण १० सेकंदांचा असतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि त्या १० सेकंदांत हृदयातली वीज कशी वाहिली, एवढंच त्यावर उमटतं. रक्तवाहिनीत गुठळी धरते, थोडी विरघळते, पुन्हा धरते. ती सुटलेली असताना कागद काढला तर तो नॉर्मल दिसू शकतो आणि पुढच्या अर्ध्या तासात एसटी, म्हणजे ठोक्याच्या मोठ्या टोकानंतरचा रेघेचा तुकडा, उचललेला सापडतो; ती अटॅकची खूण. शिवाय छातीवरच्या सहा लीड्स हृदयाकडे समोरून आणि डाव्या बाजूने बघतात. अटॅक मागच्या भिंतीला असेल तर या लीड्समध्ये एसटी वर जाण्याऐवजी नुसता खाली गेलेला दिसतो. अशा वेळी पाठीवर व्ही ७ ते व्ही ९ या जादा लीड्स लावून बघावं लागतं.

ही माझ्या मनची गोष्ट नाही. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हृदयरोग संघटना आणि वर्ल्ड हार्ट फेडरेशन यांनी मिळून २०१८ साली हार्ट अटॅकची चौथी सार्वत्रिक व्याख्या प्रसिद्ध केली. पेशंट आल्यापासून १० मिनिटांत पहिला ईसीजी काढून वाचला जावा, आणि त्यातून निदान होत नसेल तर पहिले एक-दोन तास दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढावा, असं त्यात स्पष्ट आहे. जोडीला रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) तपासायचं, तेही काही तासांच्या अंतराने दोनदा, कारण ते लगेच वाढत नाही. गावातले ते डॉक्टर नेमकं हेच करत होते. त्यांना पैसेखाऊ ठरवणाऱ्याने सीसीयूतली एक रात्र तरी पाहिली आहे का?

एक मान्य करते. छातीत दुखतं म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांना अटॅक नसतो, आणि ॲसिडिटीनेही छातीत जळजळतं. पण त्यातलं कुणाचं ॲसिडिटीचं, हे पहिल्या कागदावरून घरबसल्या ठरत नाही. मधुमेह असलेल्यांना तर कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. कितीतरी बायका जबडा, पाठ किंवा मळमळ एवढंच सांगतात.

मेसेजमधला पुढचा दावा : ‘निदान मशीनच छापून देते, वाचायला माणूस लागत नाही.’ ठोके आणि अंतरं मशीन बरी मोजते, हे खरं. पण पेशंट थंडीने कुडकुडत असला, पार्किन्सनने हात हलत असला, की तीच मशीन भलतंसलतं छापते. हाताच्या वायरी उलट लागल्या तर लीड एक उलटी येते आणि मशीन बिनदिक्कत जुना अटॅक सुचवते. म्हणून कागद हातात आला की आम्ही आधी पेशंटकडे बघतो.

‘सिस्टरना ईसीजीतलं काय कळतं?’ असंही त्यात विचारलंय. यावर फार बोलत नाही. अंतिम रिपोर्ट डॉक्टरांचाच, त्याबद्दल वाद नाही. पण १९६०च्या दशकात अमेरिकेत पहिली कोरोनरी केअर युनिट्स उभी राहिली, त्यांचा पायाच हा होता की मॉनिटरसमोर चोवीस तास नर्स असते, तेव्हा ठोक्यांचा रिदम तिने ओळखायचा आणि व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही, अशी जीवघेणी अवस्था) दिसलं की शॉकही तिनेच द्यायचा.

सर्वांत घातक ओळ मेसेजच्या शेवटी आहे : ‘कुणालाही छातीत दुखलं की आधी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा, ईसीजी नंतर.’ सॉर्बिट्रेट म्हणजे रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी उचलतो. अशा काही पेशंटमध्ये उजवा कप्पाही मार खातो. ते बघायला आम्ही छातीच्या उजवीकडे व्ही ४ आर ही लीड लावतो. तो कप्पा निकामी असताना सॉर्बिट्रेट दिलं तर बीपी धाडकन कोसळतं. मी असा पेशंट पाहिलाय : घरून गोळी देऊन आणलेला, बीपी ६०, ओला गार, शुद्ध हरपत चाललेली. ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आहे त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावी. शेजाऱ्याच्या डबीतली दुसऱ्याच्या जिभेखाली ठेवू नये.

स्मार्टवॉच असलं की ईसीजी नको, हेही चूक. घड्याळ एकच लीड देतं, त्यावर अनियमित ठोके कळू शकतात. त्यावरून अटॅक ओळखता येत नाही, हे ॲपलचं ॲप स्वतःच सांगतं. आणि ‘जोरजोरात खोकत राहा’ असा सल्लाही फिरतो, पण खोकून अटॅक थांबत नाही. खोकत बसण्याऐवजी १०८ लावा.

काकांना त्या रात्री मी परत पाठवलं. आत्या थोडी रागावली. दुसरा ईसीजीही जवळजवळ पहिल्यासारखाच होता. तिसऱ्यात टी वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या शेवटच्या लाटा, उलटलेल्या दिसल्या आणि ट्रोपोनिन वाढलेलं आलं. काल अँजिओप्लास्टी झाली, आज चहा-बिस्कीट घेतलं.

आत्याला एवढंच सांगितलंय की या वेळचे तिन्ही ईसीजी फाईलमध्ये नीट ठेव. पुढच्या वेळी तुलनेला जुना कागद मिळाला तर आमचं अर्धं काम होतं. थर्मल पेपरवरची शाई उडते, म्हणून आजच झेरॉक्स काढून आण.