‘मोठेपणी ऑटिझम ओसरतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ऑटिझम हा लहान मुलांचा प्रकार, मोठेपणी ओसरतो. अशा लोकांना दुखणं फारसं जाणवत नाही. सरकारी इस्पितळं सगळ्यांना खुली आहेत, मग यांना वेगळ्या सोयी कशाला? आणि सांभाळायला आईवडील आहेतच. माझ्या धाकट्या भावाला ऑटिझम आहे आणि तो आता तिशीला आलाय. त्यामुळे यातला एकही मुद्दा मला सोडून देता येत नाही.

ऑटिझम ओसरत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते, त्यामुळे संवाद साधणं आणि आवाज, उजेड, स्पर्श जाणवणं वेगळं असतं, आणि ती घडण जन्मभर राहते. ओसरतात त्या सेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतचा, थेरपी केंद्रंही बहुतेक लहानांसाठीच. पुढे मोठ्यांच्या ओपीडीत गेलं की मुलाला लहानपणापासून ओळखणारं कुणी नसतं.

दुखणं जाणवत नाही, हा सगळ्यात घातक दावा. मध्यंतरी भावाने जेवण टाकलं, रात्र रात्र जागायचा, तळहाताने स्वतःच्या गालावर मारून घ्यायचा. एका इस्पितळात डॉक्टरांनी फाइलवर ‘ऑटिझम’ वाचलं, ‘यांच्यात असं असतंच’ म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढे एका दंतवैद्याने तोंड उघडून बघितलं, तर अक्कलदाढेच्या मुळाशी पू झाला होता. त्याला दुखत होतंच, फक्त सांगता येत नव्हतं. शरीराच्या आतले संकेत ऑटिझममध्ये वेगळे जाणवतात, कधी फार तीव्र, कधी अगदी पुसट. आणि त्रासाच्या वेळी शब्द सापडत नाहीत. ‘कुठे दुखतंय?’ याला भाऊ गप्प बसतो. शरीराचं चित्र पुढे ठेवलं की बोट ठेवून दाखवतो. फिट्स, बद्धकोष्ठता, झोपेच्या तक्रारी या लोकांत जास्त आढळतात, आणि प्रत्येक वेळी ‘ऑटिझममुळेच’ म्हटलं की खरा आजार मागे राहतो. 2016 साली स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात ऑटिझम असलेल्यांचं मृत्यूचं सरासरी वय सुमारे 54 निघालं, इतरांचं 70.

इस्पितळं खुली आहेत, हे खरं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गोव्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, राज्याच्या आरोग्य विम्याचं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही हाताशी असतं. पण गर्दी, ट्यूबलाइट, फिनेलचा वास आणि नावांचा पुकारा यांत दोन तास बसणं भावाला झेपत नाही. तो कान झाकून ओरडू लागतो, लोक वळून बघतात, आणि आम्ही न तपासताच घरी परततो. मागणी मोठी नाही. सकाळचा पहिला नंबर द्या, किंवा पाळी आली की मोबाइलवर कळवा, तोवर आम्ही बाहेर झाडाखाली थांबू. हात लावण्याआधी सांगा. एक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि त्याच्या कलम 25 मध्ये तपासणी-उपचारांत प्राधान्य व अडथळाविरहित प्रवेश लिहिलेला आहे, खासगी इस्पितळांतला प्रवेशही त्यात आला. ही मेहेरबानी नव्हे.

राहिले आईवडील. तेही म्हातारे होतात. शिवाय 18 नंतर ते आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तिथे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घ्यावा लागतो. आणि ऑटिझम असलेले कित्येक जण नोकरी करतात, एकटेच डॉक्टरकडे जातात. त्यांना तर ‘तुमच्याकडे बघून वाटत नाही’ म्हणून वाटेला लावलं जातं.

म्हापसा, मडगाव, फोंडा, प्रत्येक सरकारी इस्पितळाच्या केस पेपरवर दोन ओळींची जागा हवी: हा माणूस कसा संवाद साधतो आणि त्याला काय सोसत नाही. हे लेखी निवेदन आम्ही काही घरं मिळून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे देणार आहोत. तुमच्या घरातही असं कुणी असेल, तर सही करायला या.